नर्मदा आली आणि विहीर झाकली

तुमच्या लेखात म्हटलंय की नर्मदेचं पाणी शहरात आणणाऱ्या योजनेचा चौथा टप्पा झाला की इंदूरची पाण्याची चिंता मिटेल. येईल हो पाणी, पण नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, तेही घाट चढवून! विजेचं बिल कोण भरणार? त्यासाठीच महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतलं, जलूदलाच सौर प्रकल्प उभारायला. लेखात त्याचं नावही नाही.

१९७८ मध्ये नर्मदा आली आणि आजोबांनी वाड्यातली विहीर फरशी टाकून झाकली. आता नळ एक दिवसाआड. मागच्या मे महिन्यात फरशी उचलली, तर दहा हातांवर पाणी! वर दुधाच्या पिशव्या तरंगताहेत. गाळ काढायला माणूस मिळेना, ते वेगळंच. टप्पे वाढवा, पण आधी यशवंतसागर आणि बिलावली या तलावांचा गाळ उपसा.