क्रिब हवा, पण 'रडू दे' कशाला?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या मावसबहिणीनं बाळासाठी क्रिब, म्हणजे चारी बाजूंनी गज असलेला छोटा पलंग, मागवला आणि घरात दोन तट पडले. मावशी म्हणते, "पोटचं पोर पिंजऱ्यात घालायचं व्हय गं? आमची पोरं झोळीत न्हाई वाढली?" बहीण मोबाइल पुढं करते: परदेशात बाळ पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत झोपतं, थोडं रडतं, आपोआप झोपायला शिकतं. मग दोघींचेही फोन मला, कारण मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते आणि माझी लेक क्रिबमध्येच वाढली.

वेगळ्या खोलीचं बहिणीला कुणी सांगितलं कोण जाणे. इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, उलटंच सांगते: पहिले सहा महिने अंथरूण बाळाचं स्वतंत्र, खोली मात्र आईबापांचीच, अगदी दुपारच्या झोपेलाही. बाळ उताणं, गादी सपाट आणि घट्ट, आजूबाजूला काही नाही. 1991 मध्ये इथं बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्यानं खाली आली. त्याआधी कित्येक वर्षं इथलेच तज्ज्ञ पालथं झोपवा म्हणत होते. तेव्हा आपल्याकडं पोरं पाळण्यात उताणीच होती. त्यामुळं 'परदेशात असंच करतात' एवढ्यावर मावशीला गप्प बसवणं मला पटत नाही.

पण मावशीचंही सगळं चालायचं नाही. राईची उशी, दोन्ही बाजूंचे लोड, अंगावरची वाकळ हे आधी बाहेर काढायचं. झोळीत बाळाची मान पुढं वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडचण होते. त्यामुळं झोळी जागेपणी, समोर माणूस असताना. आणि बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर डोळा लागू देणं तर सगळ्यात धोक्याचं. इथल्या बाळांच्या स्लीपिंग बॅगा, म्हणजे पांघरुणाऐवजी अंगात घालायच्या पिशव्या, मात्र सोळा ते वीस अंशांच्या खोलीसाठी असतात. कोल्हापूरच्या मे महिन्यात सुती झबलं आणि पंखा पुरे. मच्छरदाणी क्रिबच्या बाहेरून ताणून बांधावी, आत लोंबू नये. सुताराकडून करून घेणार असाल तर दोन गजांत साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका म्हणावं.

आता क्रिबमध्ये झोपायला शिकवण्याचं. सुरुवात दिवसाच्या एका झोपेपासून करावी. दूध, ढेकर, अंधार, तेच एक गाणं, रोज त्याच क्रमानं. डोळे जड झाले की, पण पुरते मिटायच्या आत, खाली ठेवायचं: आधी पाय, मग बूड, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं की बाळ दचकतं, हात फाकतं आणि सगळी मेहनत पाण्यात. ठेवल्यावर तळहात छातीवर तसाच राहू द्यायचा आणि सावकाश हलका करत न्यायचा. कुरकुरलं तर थोपटावं, रडलं तर उचलावं, पुन्हा ठेवावं. पहिल्या काही महिन्यांत बाळ भुकेनं उठणारच. त्याला शिस्तीचा प्रश्न समजू नये.

रडू देण्याची पद्धत इथं रुजली, त्यामागं मला तरी शास्त्रापेक्षा गरज जास्त दिसते. घरात माणसं दोनच, सकाळी दोघांना कामावर जायचं, शेजारच्या दाराची बेल वाजवायची सोय नाही. मीही त्या रात्री काढल्यात, म्हणून असं करणाऱ्या आयांना नावं ठेवणार नाही. पण राजारामपुरीत मावशी आहे, सासूबाई आहेत, वरच्या मजल्यावर जाऊबाई आहेत. थोपटायला इतके हात असताना एकट्या घरातला नाइलाज विकत कशाला घ्यायचा?

या सगळ्या वादात दाजींचं नाव मात्र एकदाही निघालं नाही. रात्री दोनला उठणं बहिणीचं, पहाटे पाचला मावशीचं, असं दोघींनी परस्पर ठरवूनही टाकलंय. इथं बापाला दोन आठवड्यांची हक्काची रजा मिळते. ती तुटपुंजी आहे, पण तेवढ्यात तोही बाळ खाली ठेवायला शिकतो. दाजींचं दुकान सकाळी दहाला उघडतं. दोनची पाळी त्यांना द्या.