सगळे सिक्वेल एकाच मापाने नका मोजू

आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच विषय पेटलाय, सुपरहिरोंचे पुढचे भाग थेटरात जाऊन बघायचे की नाही. नाशिकचा मामेभाऊ म्हणतो मार्वल कंपनीच्या ॲव्हेंजर्स एंडगेम या पिक्चरनंतर सगळं संपलं, आता नुसतं दळण चालू आहे, त्याची मुलगी म्हणते बाबा तुम्ही न बघताच बोलता, आणि पुण्याची वहिनी म्हणते चौघांची तिकिटं, पार्किंग, इंटर्वलचं पॉपकॉर्न एवढा खर्च करायचा तर आधी कोणीतरी बघून सांगा बाबा. मी न्यू जर्सीत राहते, इथून हे सगळं वाचताना तिघांचंही थोडं थोडं पटतं पण सरसकट नको म्हणणं मला अजिबात पटत नाही.

मामेभावाचा वैताग खरा आहे. 2019 चा एंडगेम हा मार्वलचा 22 वा पिक्चर होता, पण तोवर निदान पिक्चर बघितले की गोष्ट कळायची. नंतर मध्ये सीरियली घुसल्या. 2023 च्या द मार्व्हल्समध्ये तीन हिरॉइनी, त्यातली मोनिका मोठी झालेली दिसते वांडाव्हिजन सीरियलमध्ये, कमला येते मिस मार्वल सीरियलमधून, म्हणजे तिकीट काढायच्या आधी घरी तासन् तास अभ्यास करायचा. नोकरी करून घर चालवणाऱ्या माणसाने का करावा तो?

पण त्याच कमलाबद्दल मला बोलायचंय. ती जर्सी सिटीची, म्हणजे आमच्या शेजारचीच, घरचे मूळचे कराचीचे. सीरियलमध्ये तिला सुपरहिरोंच्या मेळाव्याला जायचं असतं, आई नाही म्हणते, मग तडजोड म्हणून बाबाच हिरवा रंग फासून हल्क बनून उभा राहतो आणि तिच्यासाठी हिरवा सलवार कमीज, बापलेकीने मिळून जायचं म्हणे! ती लाजेने नको म्हणते आणि बाबाचा चेहरा पडतो. (तो बाबा म्हणजे झी टीव्हीवर सापसिडी हा गेम शो करायचा तो मोहन कपूर, आपल्या पिढीला लगेच आठवेल.) माझी लेक त्या सीनला एकदम गप्प झाली, कारण इथे वाढणाऱ्या आपल्या प्रत्येक पोरीने आईबाबांना असं एकदा तरी नको म्हटलेलं असतं. भारतात बसून हे तेवढं लागणार नाही कदाचित, इथे लागतं. मार्व्हल्स ऐन दिवाळीत आला आणि मार्वलचा सगळ्यात कमी कमाईचा पिक्चर ठरला, मामेभावाने लगेच बघ पडला म्हणून मेसेज टाकला. पडला हे खरं, व्हिलन लक्षात राहत नाही हेही खरं, पण कमलाच्या घरचे आले की पिक्चर जिवंत होतो आणि माझ्या लेकीसाठी तेवढं पुरलं.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी स्पायडरव्हर्स या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशन पिक्चरचा दुसरा भाग आला, भारतात 10 भाषांमध्ये, मराठीतसुद्धा. त्यातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर, त्याचं मुंबट्टन शहर, तिथला इन्स्पेक्टर सिंग. गोष्टीचा हिरो, दुसरा स्पायडरमॅन माइल्स, त्या सिंगला वाचवतो आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण बाकीच्या स्पायडरमॅनांचं म्हणणं असं की जवळचा पोलीस अधिकारी गमावणं हे प्रत्येक स्पायडरमॅनच्या नशिबात असतंच, ते टाळायचं नाही. आणि माइल्सचा बाप आता कॅप्टन होणार असतो. मी का माझ्या बापाला मरू देऊ, हा प्रश्न पहिल्या भागात नव्हताच, तो विचारायला दुसरा भागच लागला. सिक्वेल बघावा तो यासाठी. गोष्ट अर्धवट तोडली याचा राग मलाही आहे, पण जे दाखवलं ते पूर्ण ताकदीचं आहे. उलट बॅटमॅनच्या व्हिलनवरचा जोकर बघा, पहिल्याने 2019 मध्ये 100 कोटी डॉलरच्या वर कमावले, गोष्ट तिथेच संपली होती, तरी 2024 मध्ये दुसरा काढला आणि तो आपटला. तिथे तर अभ्यासाचीही भानगड नव्हती, सांगण्यासारखंच काही उरलं नव्हतं.

घरच्या वादातला एक मुद्दा मात्र ग्रुपवर कोणीच काढत नाही, तो म्हणजे शोचा. मोठा सिक्वेल आला की मराठी पिक्चरला सकाळी आडवेळेचा खेळ मिळतो, प्राइम टाइमसाठी 2015 मध्ये सरकारला मध्ये पडावं लागलं होतं. इथे आम्हाला मराठी पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायचा तर मंडळाच्या लोकांनी माणसं गोळा करायची, मग कुठे एखाद्या रविवारी एक शो लागतो, तोही पाऊण तास ड्रायव्हिंग करून. तुमच्याकडे तो घराजवळ लागलेला असताना त्याच आठवड्यात सिक्वेलच्या रांगेत उभं राहणं मला खरंच नाही पटत, सिक्वेल काही महिन्यांनी ओटीटीवर येतोच आणि मराठीचा शो पुढच्या शुक्रवारी उडालेला असतो.

मामेभावाला मी लिहिलंय, स्पायडरव्हर्स लेकीबरोबर घरी बसून बघ, पहिल्या भागापासून आणि मराठीत मिळाला तर मराठीत, मार्व्हल्स सोडलास तरी चालेल पण कमलाच्या सीरियलचा पहिला भाग सोडू नकोस. वहिनीने थम्ब्सअप पाठवलाय, मामेभावाचं उत्तर अजून आलेलं नाही.