कोंबड्यांच्या अळ्या जखमेवर लावू नका

मंगळवारी सकाळी आत्याचा फोन आला. "तुझ्या त्या कोंबड्यांच्या अळ्या मूठभर पाठवशील का रे?" मला वाटलं, तिनंही कोंबड्या पाळायला घेतल्या. तसं काही नव्हतं. तिला बारा वर्षं मधुमेह आहे, उजव्या अंगठ्याखालची जखम चिघळलीय, आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: मासे-पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणाऱ्या जिवंत अळ्या मिठाच्या पाण्यात धुवा, जखमेवर पसरा, वर फडकं बांधा. अळ्या फक्त सडलेलं मांस खातात, तीन रात्रींत जखम भरते, पाय वाचतो. डॉक्टर हे लपवतात.

लपवतात हे आधी निकालात काढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००४ मध्ये या उपचाराला उघड मान्यता दिली. ब्रिटनमध्येही डॉक्टर चिठ्ठीवर अळ्या लिहून देतात.

आता अळ्यांचं. मी चार वर्षं कोंबड्यांच्या खाद्यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या पाळतोय, म्हणून माझ्या पिंपात काय असतं ते सांगतो. शिळा भात, भाजीचे देठ, मासळीची आतडी आणि त्यातून सुटणारं काळं पाणी. अळी त्यातच खाते, त्यातच विष्ठा टाकते. कोंबडी ती पचवते. उघड्या जखमेला कोंबडीचं पोट नसतं. दुकानात पक्ष्यांसाठी कोंड्यात ठेवलेल्या पिवळट अळ्या मिळतात, त्या तर माशीच्याही नव्हेत, त्या भुंग्याच्या. त्या जखमेवर ठेवून काय होणार?

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. इंग्लंडात गळाला लावायला 'पिंकी' म्हणून ज्या बारीक अळ्या विकतात, त्या हिरव्या माशीच्या, ल्युसिलिया सेरिकाटाच्या. रुग्णालयात वापरतात तीही हीच जात. पण जात एक असली म्हणून अळी स्वच्छ होत नाही. गळाची अळी मांसाच्या ढिगावर वाढते, कधीकधी तिला रंगही दिलेला असतो.

मिठाच्या पाण्यानं भागलं असतं, तर विल्यम बेअर यांना इतका खटाटोप करावा लागला नसता. या अमेरिकी सर्जनला पहिल्या महायुद्धात रणांगणावर सात दिवस पडून राहिलेले दोन सैनिक दिसले. जखमा अळ्यांनी भरलेल्या, पण अंगात ताप नाही आणि खालचं मांस स्वच्छ गुलाबी. पुढे त्यांनी हाडांच्या जुनाट संसर्गावर मुद्दाम अळ्या वापरल्या, आणि त्यांच्या काही रुग्णांना धनुर्वात झाला. मग त्यांनी निर्जंतुक अळ्या तयार करण्याची पद्धत बसवली. आजही माशीची अंडीच जंतुनाशकात धुतात, बंद निर्जंतुक भांड्यात उबवतात, तपासतात, मगच पाठवतात. वाढलेली अळी वरून कितीही धुवा, तिच्या आतड्यातली घाण आतच राहते. बेअर यांचा लेख १९३१ सालचा आहे. त्या रुग्णांनी जे भोगलं ते माझ्या आत्यानं पुन्हा का भोगायचं?

"फक्त सडलेलंच खातात" हे तर सगळ्यात घातक. आपल्याकडे गुरांच्या जखमेत किडे पाडणाऱ्या माशांमध्ये क्रायसोमिया बेझियाना आहे, आणि तिची अळी जिवंत मांस खाते. बैलाच्या खांद्याला किडे पडलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. माणसाच्या जखमेतही ती अंडी घालते, आणि सैल फडक्याखालची ओली जखम तिला आयतीच मिळते. त्यात मधुमेहानं पायाची संवेदना गेलेली. आत्याला चपलेत शिरलेला खडा कळत नाही, अळी खोल गेली तर कसं कळणार?

तीन रात्रींचं म्हणाल, तर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००९ साली पायाच्या व्रणांच्या २६७ रुग्णांवरची चाचणी छापून आली. निर्जंतुक, मोकळ्या सोडलेल्या अळ्यांनी मृत मांस साधारण १४ दिवसांत निघालं, जेलच्या पट्टीनं ७२ दिवसांत. फरक मोठा आहे. पण जखम भरून यायला लागलेल्या वेळात फरक पडला नाही, आणि अळ्या लावलेल्यांना दुखलं जास्त.

आत्याला गुरुवारी सर्जनकडे नेलं. त्यांनी मेलेली कातडी काढली, इन्शुलिन वाढवलं, टाच टेकून चालायला सांगितलं. संध्याकाळी, ज्या काकूंनी ग्रुपवर मेसेज टाकला त्यांना मी फोन केला. त्यांच्या सासऱ्यांच्या पायावर दोन दिवसांपासून तसलंच फडकं बांधलेलं होतं. फोन चालू असतानाच त्यांना ते सोडायला लावलं, आणि रात्री आठला मी स्वतः सासऱ्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.