अडीच गुंठ्यांची जहागीर
जर्मनीत, लाइपझिगमध्ये आम्ही बाग भाड्यानं घेतली हे सांगितलं, तेव्हा आप्पांनी फोनवर एकच विचारलं, "किती?"

"अडीचशे चौरस मीटर."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. "म्हंजे अडीच गुंठं. अगं, एवढ्यात आपली कडब्याची गंज राहायची." मग जरा थांबून, "हितली सहा एकर वाट्यानं दिली आन् तिकडं भाडं भरून खुरपायला बसलीस व्हय?"

याला उत्तर नव्हतं. लेकीला मातीत खेळायला मिळावं, हे माझं कारण. या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात आणि त्या मूळच्या लाइपझिगच्याच. 1864 साली इथं एक संस्था निघाली. तिला नाव दिलं डॉक्टर श्रेबर यांचं. ते बिचारे त्याआधीच वारले होते, त्यामुळे त्यांच्या नावावर काय काय उगवलं हे त्यांना कळलंच नाही. संस्थेनं मुलांसाठी मैदान केलं, मैदानाच्या कडेला मुलांनी लावायचे वाफे आखले. मुलं कंटाळली, तण माजलं आणि खुरपं आईबापांच्या हातात आलं. आमच्या घरी हा सगळा इतिहास सहा आठवड्यांत घडला.

उन्हाळा गोड असतो. खरी परीक्षा ऑक्टोबरात. पक्षी घरटी करतात म्हणून 1 मार्च ते 30 सप्टेंबर कुंपणाची जोरदार छाटणी करायला कायद्यानंच बंदी. त्यामुळे 1 तारखेला सकाळी बागांच्या अख्ख्या वसाहतीत एकदम कात्र्या सुरू होतात. आमच्या नियमावलीत कुंपणाची उंची सव्वा मीटर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमची बाग दिसली पाहिजे, म्हणजे तुमचं तणही. नवऱ्यानं बांबूवर खूण करून कुंपण कापलं. एका टोकाला सव्वा मीटर, दुसऱ्या टोकाला पाऊण. मधला उतार पाहून घाट उतरल्यासारखं वाटतं.

मग समितीचे गृहस्थ वही घेऊन आले. बागेच्या निदान एक तृतीयांश भागात फळं-भाज्या हव्यात, नुसतं लॉन टाकून लोळायचं नाही. त्यांनी दसऱ्यासाठी लावलेला माझा झेंडू मोजला आणि लिहिलं, 'फुलं'. ही पूजेची, म्हणजे गरजेची वस्तू आहे, हे मी माझ्या जर्मनमध्ये समजावलं. त्यांनी 'फुलं'खाली रेघ मारली. मग मेथीच्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे तण कधी काढणार?" मी चार पानं चुरगाळून त्यांच्या नाकाशी नेली. ते दोन पावलं मागं सरले, पण मेथी एक तृतीयांशात धरली गेली.

टोमॅटोनं मात्र दगा दिला. सप्टेंबरातल्या पावसानं करपा आला. आधी पानांवर तपकिरी डाग, मग खोडं काळी, मग चार दिवसांत सगळा मांडव भाजल्यासारखा. धड उरलेले अकरा किलो हिरवे टोमॅटो घरी आणले. वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी सफरचंद ठेवलं की पिकतात. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो. पलंगाखाली, कपाटात, लेकीच्या बुटांच्या खोक्यात, सगळीकडे टोमॅटोची आढी. रोज रात्री कुठला नासला ते वासावरून शोधायचं. तीळ घालून चटणी झाली, दाण्याचं कूट घालून भाजी झाली, लोणचं झालं. चौथ्या दिवशी नवऱ्यानं डबा उघडायच्या आधीच विचारलं, "हिरवा का लाल?"

आणि झुकिनी, ती काकडीसारखी दिसणारी भाजी! बोटाएवढी म्हणून सोडावी, तर चार दिवसांनी वरवंट्याएवढी. थालिपिठात, धिरड्यात, कोशिंबिरीत घालून संपत नाही आणि कुणाला द्यायची सोयही नाही, कारण प्रत्येकाच्या हातात एकेक असतेच. ऑगस्टपासून इथं लोक एकमेकांची नजर चुकवून चालतात.

महिनाअखेरीला वसाहतीचं पाणी बंद झालं. नळात पाणी राहिलं तर थंडीत गोठून नळ फुटतात, म्हणून पाइप रिकामे केले, पिंप पालथं घातलं आणि मोकळ्या वाफ्यात लसूण टोचत बसले. तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल.

"माती दाव."

मी फोन खाली धरला.

"आशी नगं. हातात घे. चुरून दाव."

गुडघ्यावर बसून मी फोनसमोर ढेकूळ चुरत होते. कुंपण पाऊण मीटर असलेल्या टोकाला शेजारच्या आजीबाई उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ ताठ. त्यांनी सगळं नीट पाहिलं. मी गडबडीनं "माझे वडील" म्हणत फोन त्यांच्याकडे वळवला. आप्पांनी टोपी सारखी करून "राम राम" केला. आजीबाईंनी "हालो" म्हटलं आणि आतून एक लांबलचक झुकिनी आणून माझ्या हातात दिली.

"माती बरी हाय," आप्पा म्हणाले. "पर ती काकडी लई जून झालीया. घिऊ नगंस."

आजीबाई तोवर दुसरी आणायला गेल्या होत्या.