थडग्यातून धर्म सापडतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हायकिंगांचा अभ्यास करणारे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ नील प्राइस यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढं सविस्तर उत्तर दिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. व्हायकिंगांच्या जादूटोण्याचा अभ्यास हे पुरातत्त्व नसून कल्पनाविलास आहे, आणि बिर्का या स्वीडनमधल्या व्हायकिंग नगराच्या कबरीत सापडलेली 'योद्धा स्त्री' ही आजच्या स्त्रीवादाची सोय आहे. मला दोन्ही पटत नाहीत.

प्राइस १९९०च्या दशकात स्वीडनला गेले, तेव्हा आधी उत्खननांवरच काम करत होते. २००२ साली उप्साला विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली ती 'सेइद्र' या, व्हायकिंगांचा देव ओडिन याच्याशी जोडलेल्या मंत्रविद्येवर आणि तिच्या युद्धाशी असलेल्या नात्यावर. आइसलँडच्या सागा, म्हणजे व्हायकिंग काळाच्या गद्य कथा, बहुतांशी तेराव्या शतकात, ख्रिस्ती समाजात लिहिल्या गेल्या. त्यांच्यावर किती विसंबायचं, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. तो प्राइस यांनाही पडला होता. म्हणून तर त्यांनी सागांतली वर्णनं कबरींतल्या वस्तूंशी ताडून पाहिली, शेजारच्या, उत्तर स्कँडिनेव्हियातल्या मूलनिवासी सामी लोकांच्या धर्माचाही अभ्यास केला.

डेन्मार्कमधल्या फिरकाटच्या किल्ल्याजवळ दहाव्या शतकातली एक स्त्री गाडीच्या साटीत पुरलेली सापडली. तिच्याजवळ धातूची काठी होती आणि हेनबेनच्या, म्हणजे आपल्या खुरासानी ओव्याच्या, बिया होत्या. हे झाड विषारी, भ्रम घडवणारं. सागांतल्या भविष्य सांगणाऱ्या व्होल्वेच्या हातातही काठीच असते. काठी आणि बिया तर कोणी कल्पनेतून आणलेल्या नाहीत! आणि सागा बाजूला ठेवायच्या असतील तर इब्न फदलान आहेच. ९२२ साली व्होल्गाकाठी रूस, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या व्हायकिंगांच्या, सरदाराचं जहाजावरचं दहन आणि त्याच्यासोबत एका दासीची हत्या, हे त्या अरब प्रवाशाने पाहून लिहिलं आहे. वाचवत नाही, पण तोही त्यांचा धर्मच.

आता बिर्का. ह्याल्मार स्टोल्पे यांनी, बिर्का जिथे होतं त्या ब्योर्क्यो बेटावर, १८७८ मध्ये ही कबर खणली. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन ढाली, दोन घोडे, पटावरच्या खेळाच्या सोंगट्या. एवढी हत्यारं आहेत म्हणजे पुरुष, असं शतकाहून अधिक काळ धरून चाललं गेलं. आपल्या काळाची समजूत भूतकाळावर लादणं म्हणतात ते हेच, आणि तेव्हा त्याला कोणी हरकत घेतली नाही. २०१७ मध्ये शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन यांच्या गटाने डीएनए तपासला. प्राइसही त्यात होते. सांगाडा स्त्रीचा निघाला. हाडांची अदलाबदल झाली असेल, ही तुमची शंका तेव्हा बऱ्याच जणांनी घेतली. २०१९च्या लेखात प्राइस आणि सहकाऱ्यांनी तिचं उत्तर दिलं: हाडांवर कबरीचा क्रमांक लिहिलेला आहे आणि ती एकाच व्यक्तीची आहेत. ती प्रत्यक्ष लढली का, हे हाडं सांगत नाहीत, आणि दुसरे अर्थही त्यांनी त्याच लेखात तपासले आहेत. पण हाच सांगाडा पुरुषाचा मानला जात होता तेव्हा त्याला योद्धा म्हणायला कोणी जखमांचा पुरावा मागितला नव्हता.