तण कसं जोपासावं

सोसायटीच्या मागच्या अंगणात भाजी लावायची हौस असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. भाजी हे निमित्त असतं, खरं पीक तणाचं. ते पेरावं लागत नाही, त्याला पाणी घालावं लागत नाही आणि सोसायटीच्या जुन्या सभासदासारखं त्याला कुणी जा म्हणू शकत नाही.

आमची सोसायटी मुलुंडला. मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा आहे. लॉकडाउनमध्ये सगळ्यांनाच एकदम शेतकरी व्हायचं होतं, तेव्हा या पट्ट्याचे बारा वाफे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून वाटले. दहा फूट बाय सहा फूट. विटांच्या कडा, पत्र्यावर रंगवलेले नंबर, उद्घाटनाला नारळ, पेढे. पुढे ऑफिसं उघडली आणि सगळे शेतकरी पुन्हा लोकलला लटकले. यंदा फेब्रुवारीत वाफा नंबर नऊ माझ्याकडे आला, कारण आधीच्या मालकांनी तो 'सोडला'. खरं तर पहिल्या पावसानंतर ते तिकडे फिरकलेच नव्हते. सोडण्याचं पत्र तेवढं फेब्रुवारीत दिलं.

तर सल्ला पहिला: असा ओसाड वाफा दिसला की ताबडतोब घ्या. व्यायाम होतो.

दुसरा सल्ला, तणाशी ओळख करून घ्या. माझ्याकडे छातीएवढं गाजर गवत होतं. हे पाहुणे मूळचे अमेरिका खंडातले. १९५०च्या दशकात आयात केलेल्या गव्हाबरोबर आले असं सांगतात आणि पहिली नोंद झाली आपल्या पुण्यात. तेव्हापासून ते स्वतःला पुणेकरच समजतात, म्हणजे एकदा आले की जायचं नाव नाही आणि जवळ गेलं की अंगाला खाज. मी पहिल्या दिवशी हातमोजे न घालता उपटलं. पुढचे पाच दिवस कोपरापर्यंत पुरळ घेऊन ऑफिसात बसलो. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात, तेव्हा फुलं यायच्या आत ते काढावं, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना वाफा नंबर दहा माहीत नाही. त्याच्याकडे येतोच.

गाजर गवताच्या खाली आघाडा होता, जो पँटला चिकटून लिफ्टमधून थेट पाचव्या मजल्यावर आला. टाकळ्याच्या वाळक्या शेंगा होत्या. कोपऱ्यात घाणेरीचं झुडूप होतं, काट्यांसकट. आणि सगळ्यांच्या तळाशी, सतरंजी अंथरावी तशी हरळी.

हरळीबद्दल तक्रार करू नका, पाप लागेल. भाद्रपदात आपण दादरच्या फुलबाजारात जाऊन तिचीच जुडी मोजून पैसे देऊन आणतो, एकवीस एकवीसच्या जुड्या बांधून बाप्पाला वाहतो. आघाडाही पत्रीत जातो. म्हणजे माझ्या वाफ्यात निम्मी पूजा तयार होती आणि मी करंटा ती घमेल्यात भरून टाकत होतो. टाकळ्याचं तर विचारूच नका. जुलैत मी वाफ्यातला कोवळा टाकळा मुळासकट उपटून फेकला, आणि त्याच संध्याकाळी आमच्या आईनं स्टेशनबाहेर बसणाऱ्या बाईकडून टाकळ्याच्या दोन जुड्या आणल्या. "पहिल्या पावसाचा आहे, वर्षातून एकदा तरी खावा." खाल्ला. चांगला झाला होता.

आता लव्हाळा. शाळेत आपल्याला सांगितलं होतं, लव्हाळ्याकडून नम्रता शिका, पूर आला की तो वाकतो म्हणून वाचतो. साफ खोटं. ज्यानं कुणी हा धडा लावला त्यानं आयुष्यात खुरपं हातात धरलेलं नसणार. लव्हाळा वाकतो म्हणून वाचत नाही, तो खाली पैसे पुरून ठेवतो म्हणून वाचतो. वर दिसतात चार हिरवी पाती. त्याखाली काळी गाठ, त्या गाठीतून बारीक दोरा, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ, मग तिसरी. तुम्ही पाती धरून ओढता, ती 'टच्' करून तुटून हातात येतात आणि तुम्हाला वाटतं, आलं! आलं काही नाही. साखळी तुटली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात. जिथे एक पुंजका होता तिथे आठवड्यानं चार. याच गाठींना नागरमोथा म्हणतात आणि त्या दिवाळीच्या उटण्यात घालतात. माझ्या वाफ्यातून निघालेल्या गाठींत सबंध मुलुंड ईस्टचं अभ्यंगस्नान झालं असतं.

म्हणून तण जोपासायचं असेल तर ते वरवर उपटा. दर रविवारी, नियमानं, दहा मिनिटं.

ज्यांना जोपासायचं नाही त्यांनी माझ्यासारखा मूर्खपणा करावा. मार्च ते मे मी सबंध वाफा फूटभर खणला. पहार लागली, कारण चार इंचांखाली माती संपते आणि बिल्डर सुरू होतो. विटांचे तुकडे, टाइल्स, गंजलेल्या सळ्या, एक स्टीलचा चमचा, गुटख्याची असंख्य पाकिटं. सगळी माती रेतीच्या चाळणीतून चाळली, गाठी वेचल्या, उरलेली माती उन्हात पसरून दर दोन दिवसांनी उलथीपालथी केली. वैशाखाच्या उन्हात गाठी सुकल्या की मरतात, पण त्यांना ओल मिळता कामा नये. वरच्या मजल्यावरून दर बुधवारी कोण बादली ओतत होतं ते मला माहीत आहे.

मीठ टाकू नका. तळमजल्यावरच्या काकूंनी मोबाइलवर बघून त्यांच्या वाफ्यात मीठ आणि व्हिनेगर ओतलं. टोमॅटो गेले. लव्हाळ्यानं चव घेतली असावी, तो उरला.

काळं प्लास्टिक जरूर अंथरा. पाचव्या-सहाव्या दिवशी लव्हाळ्याचं टोक दाभणासारखं प्लास्टिक भोसकून वर येतं. मुलांना दाखवायला छान.

'औषध मारून टाक' हा सल्ला गॅलरीतून मिळतो, आणि तो देणारा माणूस नेहमी आठवड्याला ऑरगॅनिक भाजीची टोपली मागवणारा असतो. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता ठेवावा अशी अधिसूचना केंद्र सरकारनं २०२२ मध्ये काढली, हे त्याला सांगून बघा. "अरे मिळतं रे सगळं," म्हणतो. मिळत असेल. पण वाफ्याला लागूनच पोरं बॅडमिंटन खेळतात, आणि त्यांचं फूल दर दोन मिनिटांनी माझ्या भेंडीत पडतं.

लाल माती गोण्यांनी मागवा. तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात.

खत मात्र सोसायटीचंच वापरा. रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असं महापालिका २०१७ पासून सांगते आहे. आमची सोसायटी त्यात बसते, म्हणून आम्ही खड्डा बांधला. त्याचाही नारळ फोडला. त्या खड्ड्यात आज फुटक्या कुंड्या, गणपतीचं मखर आणि वाफ्यांमधून उपटलेलं बियांसकटचं तण आहे. ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापला तर बिया मरतात. त्यासाठी तो वरचेवर हलवावा लागतो, ओल राखावी लागते. आमचा ढीग कधी तापत नाही. तापतात ते वार्षिक सभेतले सभासद. मी एप्रिलमध्ये भाबडेपणानं त्यातली सहा घमेली वाफ्यात घातली आणि जूनमध्ये मला कळलं की मी काटेमाठ पेरला होता.

शेजार चांगला निवडा. वाफा नंबर दहाचे मालक तीन वर्षांपूर्वी ठाण्याला राहायला गेले. फ्लॅट भाड्यानं दिला. वाफा दिला नाही. "राहू दे, कधीतरी करू." त्यांच्या वाफ्यात गाजर गवत फुलतं, आणि त्यांची हरळी विटांच्या कडेखालून माझ्याकडे येते. मी तोडतो, ती पुन्हा येते. पेऱ्यापेऱ्याला मुळं. मी त्यांना फोन केला. म्हणाले, "तुम्ही तिथे असताच ना, मग जरा आमचंही बघत जा."

बघतो. आणखी काय!

एवढं सगळं करूनही मृगात बी टाकलं आणि भेंडी उगवली. पावसाळ्यात मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा थेंबन् थेंब तणाच्या नावावर जमा होतो, तरी उगवली. मी रोज सकाळी सात ते साडेसात गमबूट घालून, छत्री मानेत अडकवून खुरपत होतो. लव्हाळ्याचं कोंब तीन-चार पानांचं झालं की खालून गाठीसकट काढायचं, त्याला नवी गाठ धरायला वेळच द्यायचा नाही. एवढा एकच उपाय खरा आहे आणि तो कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. ऑगस्ट उजाडेपर्यंत माझ्या वाफ्यात लव्हाळा शोधावा लागत होता. बांबू आणि सुतळीच्या मांडवावर दोडका चढला होता, पिवळी फुलं आली होती. अकरा भेंड्या निघाल्या. अकरा! आईनं त्यांची काचऱ्या करून भाजी केली आणि शेजारच्यांना वाटीत दिली, लग्नाच्या पेढ्यासारखी.

आता शेवटचा सल्ला, आणि सगळ्यात महत्त्वाचा. तण वाढवायचं असेल तर ग्रास कटरवाला बोलवा.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी आमच्या कमिटीनं बोलावला. सोसायटी स्वच्छ दिसली पाहिजे. मी ऑफिसातून रात्री आठला आलो तर मागच्या बाजूला कापल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास. मोबाइलच्या उजेडात बघितलं. भेंडीचे वीतभर बुंधे. दोडक्याचा मांडव आडवा, वेल मुळापासून तीन बोटं ठेवून उडवलेला. मिरची कुठे होती ते ओळखू येईना. आणि बारा वाफ्यांवर, टाकीपासून भिंतीपर्यंत, नंबर दहाचं गाजर गवत, फुलांसकट, बियांसकट, त्या गरागरा फिरणाऱ्या दोरीनं बारीक करून छान एकसारखं उधळलेलं. कृषी विद्यापीठाला एवढी एकसारखी पेरणी जमली नसती. सेक्रेटरी तिथेच होते. "बघा, किती मोकळं वाटतंय आता!"

मोकळं? चार दिवसांत लव्हाळ्याची पाती पुन्हा बोटभर झाली. कापलेल्या गाजर गवताला बुडखातून बुटके फुटवे आले, ते जमिनीलगतच फुलतील. मेलं काय? जे लावलं होतं तेवढंच मेलं. यंत्राला मुळं नसतात हो, त्याला खाली काय आहे ते दिसत नाही, तो वरचं कापतो आणि बिल देतो. आणि तुम्हाला तेच हवं असतं, वरून साफ, फोटोपुरतं, ग्रुपवर टाकण्यापुरतं...

नाही, हे सल्ल्याच्या सुरात सांगायला मला जमत नाही आता.

विचारायला काय जात होतं तुमचं? टाकी धुणार म्हणून ग्रुपवर चार वेळा निरोप येतो. लिफ्ट बंद, निरोप. कुणाच्या तरी गाडीचा इंडिकेटर चालू राहिला, त्याचा फोटो. सहा महिने एक माणूस तुमच्या डोळ्यांसमोर चिखलात बसून गाठी वेचतोय, त्याला 'उद्या कटर येणार आहे' एवढं एक वाक्य लिहिता येत नाही? मी मांडव सोडून बाजूला घेतला असता. कडेनं दोरी बांधली असती. रजा टाकून उभा राहिलो असतो.

आणि नंबर दहावाले, ठाण्याला सुखी राहा, पण वाफा सोडा. तुमच्या हौसेची बियाणी आम्ही किती वर्षं खुरपायची? ज्यांनी वाफे घेतले आणि एकदाही खाली उतरला नाहीत, त्या सगळ्यांनाच सांगतोय. पावसात खाली यायला साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती वाटते तर गमबूट घाला, मी घालतोच की. कंबर दुखते तर पाटावर बसा. पण गॅलरीतून "दोडका लागला का हो?" असं विचारू नका. दोडका नाही लागला. दोडका तुमच्या कमिटीनं कापला.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी खाली आहे. गाजर गवताची रोपं आत्ता बोटभर आहेत, पाऊस आहे तोवर माती मऊ आहे, अलगद निघतात. अजून पंधरा दिवसांनी निघणार नाहीत. हातमोजे आपापले आणा. खुरपी तीन आहेत, मीटरच्या खोलीत दाराच्या मागे टांगलेली. त्यातल्या एकाचा दांडा मोडला आहे. ते खुरपं नारळ फोडायला कुणी नेलं होतं तेही मला माहीत आहे.