बिनबियांच्या कलिंगडाविषयी खुलासा

मार्केट यार्डात येणारे बिनबियांचे कलिंगड परक्या जनुकाचे रोपण करून तयार करतात आणि ते खाल्ल्याने वंध्यत्व येते, असा संदेश पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

साध्या कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रे (जनुके ज्यांवर असतात ते धागे), म्हणजे ११ जोड्या असतात. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर कोल्चिसिन हे रसायन लावून ही संख्या ४४ केली जाते आणि अशा वेलीच्या मादी फुलावर साध्या वेलीचे पराग घातले की ३३ गुणसूत्रांचे बियाणे मिळते. दुसऱ्या जिवाचे जनुक यात कुठेही येत नाही. या बियाण्याच्या वेलीत परागकण आणि बीजांडे घडताना, अर्धसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या) वेळी प्रत्येक प्रकारची तीन-तीन गुणसूत्रे असल्याने त्यांची समान वाटणी होत नाही आणि बहुतेक युग्मके, म्हणजे प्रजनन पेशी, निकामी ठरतात. फळ कापल्यावर दिसणारी पांढरी, मऊ टरफले न वाढलेल्या बियांचीच असून ती खुशाल खावीत. फळ धरायला मात्र परागांची चेतना लागतेच, म्हणून शेतकरी मधूनमधून साधे वेलही लावतात.

वंध्यत्व आहे ते वेलीचे; ते खाणाऱ्याला लागत नाही.

बिनबियांच्या द्राक्षांना हेच कारण लावू नये, कारण थॉमसन सीडलेस या त्यांच्या जातीत फलन होते, पण गर्भाची वाढ मध्येच थांबते.